गुरू ग्रहावरच्या डागाचा माग काढणारा ज्योतिर्विद : जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी



आपल्या हिंगोली जिल्ह्यात शहरासारखा दिव्यांचा झगमगाट नाही. हळद शिजवायच्या दिवसांत रात्रभर काहिलीजवळ जागणाऱ्या माणसाला वर पाहिले की आभाळ चांदण्यांनी भरलेले दिसते. त्यात वर्षातले बरेच महिने एक मोठी, पिवळसर पांढरी, न लुकलुकणारी चांदणी असते. तो गुरू ग्रह. गुरुवार त्याच्याच नावाचा. इतका मोठा की आपल्यासारख्या हजारावर पृथ्वी त्याच्या पोटात मावतील. पण त्याला जमीन नाही. वरून दिसतात ते नुसते ढगांचे पट्टे, आणि त्या ढगांत वादळे घोंघावत असतात. आपल्याकडचे अवकाळीचे वादळ तासाभरात पत्रे उडवून निघून जाते. गुरूवरची काही वादळे मात्र वर्षानुवर्षे, पिढ्यान् पिढ्या टिकतात.

हे वादळ कालचेच, की आज नवे उठले? मागच्या वर्षी दिसलेला डाग तो हाच का? हा प्रश्न पहिल्यांदा नेटाने हाती घेणाऱ्या माणसाची ही जीवनकथा आहे. त्याचे नाव जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी. शनी ग्रहाकडे गेलेल्या कॅसिनी यानामुळे हे नाव आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तो माणूस कोण होता, एका चर्चच्या जमिनीवर त्याने काय कोरले आणि आयुष्याच्या शेवटी त्याच्या वाट्याला काय आले, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते.

मामाच्या घरी वाढलेला मुलगा

कॅसिनीचा जन्म ८ जून १६२५ रोजी पेरिनाल्दो या डोंगरावरच्या लहानशा गावी झाला. हे गाव आज इटलीत, फ्रान्सच्या सीमेजवळ आहे. वडिलांचे नाव याकोपो, आईचे जुलिया. मुलाला मामाने वाढवले. पुढे तो जेनोआ शहरातल्या येशूसंघीय फादरांच्या कॉलेजात शिकला. तेथे त्याला कवितेची, गणिताची आणि आकाशाची गोडी लागली.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. तरुण कॅसिनीला आधी ओढ होती ती फलज्योतिषाची. त्याने त्या विषयाची पुस्तके वाचली, भविष्येही वर्तवली. ती कशावर आधारलेली आहेत याचा विचार करू लागल्यावर त्याला त्यांत काही तथ्य दिसेना. भविष्य सांगणे त्याने सोडले, आकाश मात्र सोडले नाही. गंमत अशी, की बोलोन्या शहराजवळच्या एका श्रीमंत उमरावाने, मार्क्विस मालवाझियाने, त्याला १६४८ मध्ये आपल्या वेधशाळेत बोलावले ते या फलज्योतिषाच्या लौकिकामुळेच. माणूस चुकीच्या दाराने आत आला, पण जागा योग्य होती. तेथे त्याला चांगली उपकरणे मिळाली आणि बोलोन्यातल्या रिच्चोली व ग्रिमाल्दी या दोन येशूसंघीय फादरांचा सहवास लाभला. दोघेही नावाजलेले ज्योतिर्विद होते. चंद्रावरच्या खळग्यांना आणि सपाट भागांना दिलेली जी नावे आज जगभर वापरतात, ती याच रिच्चोली फादरांनी ठरवलेली. १६५० मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कॅसिनी बोलोन्याच्या जुन्या विद्यापीठात ज्योतिषशास्त्राचा प्राध्यापक झाला.

चर्चमधली रेषा

ईस्टरचा सण दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो, असे मुले विचारतात. वसंत संपातानंतर जी पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणजे तारीख ठरवायची तर सूर्याचे आणि चंद्राचे गणित चोख हवे. जुन्या पंचांगात शतकांच्या ओघात दहा दिवसांची चूक साचली होती. म्हणून १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरला गेला. आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर तेच.

हे नवे पंचांग सूर्याशी जुळते की नाही, हे वारंवार तपासायला हवे होते. त्यासाठी हवे एक मोठे, अंधारे आणि उंच छताचे घर, म्हणजेच चर्च. छताला बारीक भोक पाडायचे आणि जमिनीवर बरोबर उत्तर-दक्षिण रेषा आखायची. दुपारी सूर्य माथ्याशी आला की भोकातून आलेला उजेडाचा गोल ठिपका त्या रेषेवरून सरकतो. उन्हाळ्यात तो भोकाच्या जवळ पडतो, हिवाळ्यात लांब जातो. अख्खे चर्चच अशा वेळी सूर्याचे घड्याळ बनते.

बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ या भव्य चर्चमध्ये सोळाव्या शतकात अशी एक रेषा आखली होती, पण इमारत वाढवताना ती निकामी झाली. नवी रेषा आखायचे काम कॅसिनीने मागितले. अनेकांना ते अशक्य वाटले, कारण मध्ये खांबांच्या रांगा होत्या आणि उजेडाची वाट त्यांनी अडणार होती. कॅसिनीने मापे घेतली. खांबांना जेमतेम चुकवून जाणारी एक वाट त्याला सापडली. १६५५ च्या जून महिन्यात, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास, त्याने गावातल्या जाणत्या लोकांना बोलावले. दुपारी सूर्याचा ठिपका खांबांच्या मधून आला आणि ठरलेल्या जागी पडला. भोक जमिनीपासून सुमारे २७ मीटर उंच आहे आणि रेषा जवळजवळ ६७ मीटर लांब. आजही त्या चर्चमध्ये गेलेल्या माणसाला ती पाहायला मिळते.

या रेषेवर कॅसिनीने सूर्याच्या ठिपक्याचा व्यास वर्षभर मोजला. सूर्य दूर असला की ठिपका किंचित लहान, जवळ असला की किंचित मोठा. या फरकाचे माप जुन्या ग्रीक गणिताशी जुळले नाही, ते केप्लरच्या गणिताशी जुळले. त्या काळी पोपच्या राज्यात पृथ्वी फिरते असे सत्य म्हणून शिकवायला मनाई होती. गॅलिलिओवरचा खटला १६३३ मध्ये होऊन गेला होता, लोकांच्या तो आठवणीत होता. कॅसिनी त्या वादात पडला नाही. त्याला भित्रा म्हणणारे म्हणोत, पण त्याने माप मात्र फिरवले नाही. जे दिसले ते आकड्यांसह लिहून ठेवले आणि तेही चर्चच्या छपराखाली बसून.

त्याच वर्षांत पोपच्या राज्याने त्याच्यावर नद्यांच्या पुराची आणि किल्ल्यांच्या तटबंदीची कामेही सोपवली. नदीचे पाणी कोणत्या गावाने घ्यायचे, बांध कोठे घालायचा, हे तंटे त्याने जागेवर जाऊन पाहिले. दिवसा बांध आणि तट, रात्री ग्रहतारे, असा त्याचा दिनक्रम होता.

डाग सापडला

१६६४ च्या सुमारास रोममधल्या काम्पानी या कारागिराने घासलेल्या उत्तम काचांच्या दुर्बिणी कॅसिनीच्या हाती आल्या. त्या फार लांबलचक असत, धरायला खांब आणि दोर लागत. पण चित्र स्वच्छ दिसे. कॅसिनीने ती दुर्बीण गुरूकडे वळवली. गुरूच्या उपग्रहांच्या इवल्याशा काळ्या सावल्या ग्रहाच्या चकतीवरून सरकताना त्याने पाहिल्या. १६६५ मध्ये त्याला आणखी एक गोष्ट दिसली. गुरूच्या दक्षिण भागातल्या पट्ट्याला लागून एक गडद, लांबट गोल डाग होता. तो सावली नव्हता. तो चकतीच्या एका कडेने येई, मध्यावर पोचे, दुसऱ्या कडेला मावळे आणि काही तासांनी परत येई.

डाग परत येतो याचा अर्थ गुरू स्वतःभोवती फिरतो. दोनदा मध्यावर येण्यातले अंतर मोजून कॅसिनीने सांगितले, की गुरूचा एक फेरा ९ तास ५६ मिनिटांत पूर्ण होतो. एवढा अवाढव्य ग्रह, आणि त्याचा दिवस आपल्या अर्ध्या दिवसाहूनही लहान! साडेतीनशे वर्षांनंतरही हा आकडा जवळजवळ तसाच मानला जातो.

असा माग काढणे किती अवघड, ते आपण समजून घेऊ. समजा आज रात्री ९ वाजता डाग गुरूच्या मध्यावर दिसला. दोन फेऱ्यांनंतर तो परत मध्यावर येईल उद्या संध्याकाळी ५ वाजण्याच्या आत, म्हणजे उन्हात. तीन फेऱ्यांनंतर येईल परवा पहाटे पावणेतीनच्या सुमारास, झोपेच्या वेळी. सोयीची वेळ येईल पाच फेऱ्यांनंतर, परवा रात्री १० वाजून ४० मिनिटांनी. त्या वेळी ढग आले तर पुन्हा थांबा. शिवाय दरवर्षी काही आठवडे गुरू सूर्याच्या उजेडात बुडतो, तेव्हा तो दिसतच नाही. वर्षभरात गुरूचे सुमारे ८८२ फेरे होतात. एका फेऱ्याच्या हिशेबात एका मिनिटाची चूक झाली, तर वर्षाअखेरीस ती चौदा तासांच्या वर जाते, म्हणजे पूर्ण फेऱ्याहूनही जास्त. मग समोर दिसणारा डाग आपलाच की दुसरा, हे सांगता येत नाही. जमिनीवरच्या झाडाला किंवा डोंगराला खूण म्हणून धरता येते, पण गुरूवर धरायला जमीनच नाही. डाग स्वतःही ढगांबरोबर थोडा मागेपुढे सरकतो.

म्हणून कॅसिनीने तीन गोष्टींचा नेम ठेवला. वेळ घड्याळावर पाहून लिहायची. डागाची जागा आणि आकार कागदावर काढायचा. आणि दिसला नाही, तर दिसला नाही असेही लिहायचे. तो डाग काही काळाने नाहीसा झाला. १६७२ मध्ये पुन्हा त्याच जागी, त्याच आकाराचा डाग दिसला. पुन्हा गेला, पुन्हा काही वर्षांनी आला. कॅसिनीने त्याला कायमचा डाग असे नाव दिले.

या निरीक्षणांतून त्याला आणखी एक गोष्ट कळली. विषुववृत्ताजवळचे डाग ९ तास ५० मिनिटांच्या आसपास फेरा पूर्ण करतात, दूरचे डाग सहा मिनिटे जास्त घेतात. घट्ट गोळ्यावर असे होणार नाही. म्हणजे आपण पाहतो ते वाहते ढग आहेत, त्यांचे वारे वेगवेगळ्या गतीने धावतात. १६९० च्या डिसेंबरात त्याने एक डाग अठरा दिवस पाहिला आणि तो ताणला जाऊन फाटत गेल्याची चित्रे काढली. १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही हा धूमकेतू गुरूवर आदळल्यावर तसेच काळे डाग पडले. तेव्हा काही अभ्यासकांनी कॅसिनीची ती जुनी चित्रे शोधून काढली. त्यानेही अशीच एखादी धडक पाहिली असावी, असे त्यांचे मत आहे.

काही वर्षांसाठी गेला, तो कायमचा

कॅसिनीचे नाव युरोपभर झाले होते. १६६८ मध्ये त्याने गुरूच्या चार उपग्रहांची वेळापत्रके छापली. कोणता उपग्रह कोणत्या क्षणी गुरूच्या सावलीत बुडेल हे त्यांत होते. हा क्षण पृथ्वीवर सगळीकडे एकाच वेळी दिसतो. म्हणून दोन गावांच्या स्थानिक घड्याळांतला फरक काढला की त्यांच्या रेखांशांतला फरक मिळतो. नकाशे करणाऱ्यांना हे वरदानच होते.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई पॅरिसला मोठी वेधशाळा बांधत होता. त्याने कॅसिनीला मागून घेतले. पोप नववे क्लेमेंट यांनी काही वर्षांपुरती परवानगी दिली. १६६९ च्या एप्रिलमध्ये कॅसिनी पॅरिसला पोचला. थोड्या दिवसांनी परत येईन, असाच त्याचा विचार होता. पण १६७१ मध्ये तो वेधशाळेत राहायला गेला, १६७३ मध्ये फ्रान्सचा नागरिक झाला, तेथेच लग्न केले आणि मुलेबाळे झाली. आपल्याकडेही दोन वर्षांसाठी पुण्या-मुंबईला कामाला गेलेले किती जण तिकडचेच होऊन जातात, तसेच त्याचे झाले.

पॅरिसमध्ये त्याने शनीचे चार उपग्रह शोधले : १६७१ मध्ये आयापिटस, १६७२ मध्ये रिआ, १६८४ मध्ये टेथिस आणि डायोनी. १६७५ मध्ये शनीचे कडे एकसंध नसून त्यात एक काळी फट आहे, हे त्याने पाहिले. ती फट आजही कॅसिनीच्या नावाने ओळखतात. कडे म्हणजे असंख्य लहान लहान तुकड्यांचा घोळका असावा, हा त्याचा अंदाजही खरा ठरला. १६७२ मध्ये त्याने पॅरिसहून आणि त्याचा सहकारी रिशे याने दक्षिण अमेरिकेतल्या कायेन येथून एकाच वेळी मंगळ पाहिला. त्यावरून सूर्याचे अंतर सुमारे १४ कोटी किलोमीटर निघाले. आज ते सुमारे १५ कोटी मानतात. सूर्य किती लांब आहे याचा एवढा जवळचा हिशेब त्याआधी क्वचितच कोणी मांडला होता.

त्याच्या कामाचे धागे भारतापर्यंत पोचले. राजाने पूर्वेकडे पाठवलेल्या येशूसंघीय फादरांना आकाश पाहण्याचे शिक्षण दिलेले असे आणि दुर्बिणीही बरोबर दिलेल्या असत. त्यांपैकी फादर रिशो हे सयाममधल्या गडबडीनंतर पाँडिचेरीला आले. १६८९ मध्ये तेथून आकाश पाहताना दक्षिणेकडचा मित्र हा तेजस्वी तारा एक नसून जोडतारा आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांनी युरोपातले ज्योतिषाचे ज्ञान मिळवण्यासाठी फादर मॅन्युएल द फिगेरेदो यांच्याबरोबर आपली माणसे पोर्तुगालला पाठवली. ती मंडळी पॅरिस वेधशाळेतल्या ला हीर या ज्योतिर्विदाची कोष्टके घेऊन परतली. ला हीर हा कॅसिनीचा सहकारी होता.

चुका

मोठ्या माणसाच्या चुका झाकल्या की त्याची गोष्ट मुलांना खोटी वाटू लागते, म्हणून त्याही सांगतो. गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे कधी वेळापत्रकाच्या आधी, कधी उशिरा होत. कॅसिनीने सुचवले, की उजेडाला आपल्यापर्यंत यायला वेळ लागत असेल. विचार बरोबर होता. पण सगळ्या उपग्रहांच्या वेळा त्यात नीट बसेनात, म्हणून त्याने तो मागे घेतला. पुढे ओले रोमर या त्याच्या तरुण डॅनिश सहकाऱ्याने तोच विचार पुराव्यासह मांडला, तेव्हा कॅसिनीने त्याला विरोध केला. रोमर खरा होता. पृथ्वी ध्रुवांकडे लांबट आहे असा कॅसिनी घराण्याचा समज झाला होता. न्यूटनच्या मते ती ध्रुवांकडे चपटी. कॅसिनीच्या मृत्यूनंतर १७३० च्या दशकात पेरू आणि लॅपलंडला गेलेल्या मोहिमांनी मोजले आणि न्यूटनचे खरे निघाले. ग्रहांची वाट केप्लरने सांगितल्याप्रमाणे लंबवर्तुळ असते, हेही कॅसिनीने पूर्ण मान्य केले नाही. स्वतःचे वेगळेच वक्र त्याने सुचवले.

पाहण्यात हा माणूस फार थोर होता, पण पाहिलेल्याचा अर्थ लावताना कधी कधी अडला. असे आपलेही होते. फरक एवढाच, की त्याने आपल्या वह्या कधी बदलल्या नाहीत.

१६९५ मध्ये, सत्तरीत, तो बोलोन्याला जाऊन आला. सान पेत्रोनिओमधली आपली रेषा चाळीस वर्षांत जराशी हलली होती. ती त्याने पुन्हा तपासून दुरुस्त करून घेतली. त्या गावाचा त्याला विसर पडला नव्हता.

शेवटच्या काळात त्याची दृष्टी गेली. ज्या डोळ्यांनी गुरूचा डाग आणि शनीची फट पाहिली, त्यांना आता दिवस-रात्र सारखेच झाले. १४ सप्टेंबर १७१२ रोजी, पवित्र क्रुसाच्या सणाच्या दिवशी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्याने देह ठेवला. वेधशाळेजवळच्या सें झाक द्यू ओ-पा या चर्चमध्ये त्याला पुरले. राजाच्या ज्योतिर्विदाचे ते धर्मग्रामाचे चर्च होते. वेधशाळेचा कारभार पुढे त्याच्या मुलाने, नातवाने आणि पणतूने सांभाळला.

कायमचा डाग कोठे गेला?

कॅसिनीच्या मृत्यूनंतर त्याचा भाचा माराल्दी याने १७१३ मध्ये तो कायमचा डाग पाहिला. त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही. पुढे शंभराहून अधिक वर्षे तशा डागाची नोंद सापडत नाही. १८३१ मध्ये गुरूच्या दक्षिण भागात पुन्हा एक लांबट गोल आकार चित्रात आला, आणि १८७८-७९ च्या सुमारास तो विटकरी रंगाचा होऊन साऱ्या जगाच्या डोळ्यांत भरला. हाच आजचा मोठा तांबडा डाग. १८७९ मध्ये त्याची लांबी सुमारे ३९,००० किलोमीटर होती. तो आकसत आला असून अलीकडे सुमारे १४,००० किलोमीटर मोजला गेला आहे. तरीही त्याची लांबी आपल्या पृथ्वीच्या व्यासाहून जास्तच आहे. हे एक प्रचंड वादळ आहे. उलट दिशांनी धावणाऱ्या दोन वाऱ्यांच्या मध्ये ते जात्यासारखे फिरत राहते. खाली जमीन नाही, डोंगर नाहीत, म्हणून ते घासून मरत नाही.

पुष्कळ वर्षे पुस्तकांत लिहिले जाई, की कॅसिनीने पाहिलेला डाग तो हाच, म्हणजे हे वादळ साडेतीनशे वर्षांचे आहे. ऐकायला छान वाटे. २०२४ मध्ये स्पेनमधल्या सांचेझ-लावेगा या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह जुनी चित्रे आणि नोंदी एक एक करून मोजल्या. कॅसिनीचा डाग १८७९ च्या तांबड्या डागापेक्षा बराच लहान होता. लहान डागाने मध्ये लपून राहून दोनशे वर्षांत एवढे मोठे व्हावे, हे वाऱ्यांच्या गणितात बसत नाही. त्यांचा निष्कर्ष असा, की ती दोन वेगळी वादळे असण्याचीच शक्यता फार मोठी आहे. पहिले विरले. आजचे निदान १९० वर्षांचे आहे.

म्हणजे कॅसिनीने ज्याला कायमचा म्हटले, ते कायमचे नव्हते. पण हे आपल्याला कळले कशावरून? त्याच्याच चित्रांवरून. आपले नाव टिकावे म्हणून त्याने डाग फुगवून काढला असता, किंवा दिसला नाही त्या वर्षीही दिसला असे लिहिले असते, तर खरे काय ते आज कोणालाच काढता आले नसते. त्याने दिलेले नाव चुकले, पण त्याच्या वहीतली मापे खरी होती. साडेतीन शतकांनी त्याची चूक त्याच्याच प्रामाणिकपणाने दुरुस्त झाली.

रोमला व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहात दोनातो क्रेती या चित्रकाराची १७११ मधली आठ चित्रे आहेत. सूर्य, चंद्र, ग्रह आणि धूमकेतू दुर्बिणीतून पाहणारी माणसे त्यांत रंगवली आहेत. बोलोन्यात वेधशाळा व्हावी म्हणून काउंट मार्सिली यांनी ती करवून घेतली आणि पोप अकरावे क्लेमेंट यांना भेट दिली. चित्रांचा उपयोग झाला, वेधशाळा उभी राहिली. त्यांतल्या गुरूच्या चित्रात पट्ट्यांबरोबर एक तांबूस डागही आहे. तेव्हा कॅसिनी पॅरिसमध्ये अंधत्वात दिवस काढत होता. आज नाहीसे झालेल्या त्या वादळाचे रंगीत चित्र चर्चच्या संग्रहात जपून राहिले आहे.

१५ ऑक्टोबर १९९७ रोजी शनीकडे निघालेल्या यानाला कॅसिनीचे नाव दिले. वाटेत २००० सालच्या डिसेंबरअखेर ते गुरूजवळून गेले आणि त्याने ढगांची हजारो छायाचित्रे घेतली. २००४ मध्ये ते शनीजवळ पोचले. २०१० च्या डिसेंबरात शनीवर एक प्रचंड वादळ उठले आणि वाढत वाढत त्याने ग्रहाला पूर्ण वेढा घातला. यानाने महिनोन् महिने त्याचा माग ठेवला. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, इंधन संपत आल्यावर, यान शनीच्या ढगांत सोडून देण्यात आले. कॅसिनीच्या मृत्यूची तारीख त्याच्या आदल्याच दिवशी येते.

आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या प्रयोगशाळेला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. अवकाशात फार दूर घडणाऱ्या धडकांचा अतिशय बारीक थरार तेथे मोजायचा आहे. दुर्बिणीचे काम वेगळे, तेथले वेगळे. पण घड्याळ पाहून लिहायचे, जे दिसले तेच लिहायचे, आणि दिसले नाही तर तसे लिहायचे, हा नेम तेथेही तोच राहील. आपल्यातलीच काही मुले-मुली उद्या तेथे कामाला असतील, अशी आशा धरायला हरकत नाही.

पुढच्या वेळी रात्री अंगणात बसाल, तेव्हा मुलांना गुरू दाखवा. चांगल्या दुर्बिणीची संधी मिळाली, तर पट्टे आणि डागही पाहू द्या. आणि जमल्यास त्यांच्या हाती एक वही द्या. तारीख, वेळ, आणि काय दिसले, एवढेच लिहायचे. ढग असतील त्या रात्री, ढग होते, असे लिहायचे.